दंतमूलगत रोगांत मधाचा उपयोग : ग्रंथ, अनुभव आणि मर्यादा

प्रास्ताविक

पालघर स्थानकापासून पश्चिमेस समुद्राच्या दिशेने गेले की माहीम आणि केळवे ही गावे लागतात. मुंबईच्या माहीमशी गल्लत होऊ नये म्हणून 'केळवे-माहीम' असा जोड उल्लेख करण्याची रीत आहे. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये या तालुक्याचे नावच 'माहीम' असे आहे. नारळ, सुपारी, केळी यांच्या वाड्या आणि विशेषेकरून विड्याच्या पानांच्या पानवेली ही या पट्ट्याची जुनी ओळख. उत्तरेस बोईसर आणि तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु वाडीतील शेतकरी, किनाऱ्यावरील मच्छीमार, पाड्यांवरील आदिवासी आणि कारखान्यात पाळीने काम करणारा कामगार असा आमच्या चिकित्सालयात येणारा समाज मात्र पूर्वीचाच राहिला.

या सर्वांना जोडणारी एक तक्रार आहे आणि ती बहुधा दुसऱ्याच कारणासाठी आलेल्या रुग्णाच्या तोंडून जाता जाता निघते : "दात घासताना रक्त येतं." विडा, सुपारी, चुना, तंबाखू आणि स्त्रीवर्गात मशेरी यांचे प्रमाण येथे मोठे आहे. हिरड्यांच्या तक्रारीसाठी स्वतंत्रपणे वैद्याकडे जावे असे मात्र फारसे कोणास वाटत नाही. प्रस्तुत लेखात दंतमूलगत रोगांत मध व मधमाशीपासून मिळणाऱ्या अन्य द्रव्यांचा उपयोग किती आणि कसा करता येतो, याचा विचार आम्ही मांडत आहोत. आमची एक चूकही त्यात सांगणार आहोत, कारण यशस्वी चिकित्सेपेक्षा तिने आम्हास अधिक शिकवले.

व्याधिपरिचय

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात पासष्ट मुखरोगांपैकी पंधरा रोग दंतमूलगत सांगितले आहेत. त्यांपैकी चार आपल्या नित्य व्यवहारात येतात.

शीताद हा कफरक्तज व्याधी. त्यात हिरड्यांतून अकस्मात रक्त येते. त्या मऊ, ओलसर, काळपट व दुर्गंधयुक्त होतात. दंतवेष्ट दुष्ट रक्तापासून होतो. त्यात पूय व रक्त स्रवते आणि दात हलू लागतात. सौषिरात हिरड्यांना सूज, वेदना व लालास्राव असतो. उपकुश पित्तरक्तज असून दाह, पाक, रक्तस्राव आणि दातांचे शैथिल्य ही त्याची लक्षणे.

आधुनिक दंतशास्त्र स्थूलमानाने दोन अवस्था मानते. पहिलीत शोथ केवळ हिरडीपुरता असतो आणि तो पूर्णतः परतवता येतो. दुसरीत दाताला धरून ठेवणारे तंतू व अस्थी यांचा नाश सुरू होतो. हिरडी आणि दात यांमध्ये खोबण तयार होते. गेलेले अस्थी आपोआप परत येत नाही. शीताद पहिल्या अवस्थेच्या जवळ जातो, तर दंतवेष्ट व उपकुश दुसरीच्या. दोन्ही परिभाषा तंतोतंत जुळतात असे आमचे म्हणणे नाही. तथापि दात हलतो की नाही, हा प्रश्न सुश्रुतांनीही साध्यासाध्यतेच्या विचारात महत्त्वाचा मानला आहे, हे ध्यानात घ्यावे.

कारणाविषयी एक प्रयोग उल्लेखनीय आहे. १९६५ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी निरोगी हिरड्यांच्या बारा व्यक्तींना दात स्वच्छ करणे थांबवावयास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि स्वच्छता पुन्हा सुरू करताच त्या पूर्ववत झाल्या. दातावर साचणारा जंतूंचा चिकट थर हे मूळ कारण आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. हा थर वेळीच न निघाल्यास लाळेतील क्षारांमुळे कठीण होतो. त्यालाच आपण किटण म्हणतो आणि सुश्रुत दंतशर्करा म्हणतात.

ग्रंथोक्त मध

मधाचे चरकांनी चार व सुश्रुतांनी आठ प्रकार वर्णिले आहेत. रस मधुर, अनुरस कषाय, गुण रूक्ष व वीर्य शीत. लेखन, शोधन, संधान, रोपण ही कर्मे आणि या सर्वांवर योगवाहित्व. हिरडीच्या व्याधीत नेमके हेच अपेक्षित असते : साचलेल्या कफाचे लेखन, दुष्ट व्रणाचे शोधन आणि शिथिल मांसाचे संधान.

दंतरोगांत मधाचा ग्रंथोक्त उपयोग तीन प्रकारे आढळतो.

१) प्रतिसारण : बोटाने हिरडीवर द्रव्य चोळणे. सुश्रुतांनी प्रतिसारणाचे कल्क, रसक्रिया, क्षौद्र व चूर्ण असे चार प्रकार सांगितले. मध येथे केवळ अनुपान नसून स्वतंत्र प्रकार आहे. दंतवेष्टात रक्तविस्रावणानंतर लोध्र, पत्तंग, यष्टिमधु व लाक्षा यांचे चूर्ण मधासह चोळावे. सौषिरात लोध्र, मुस्ता व रसांजन मधासह. उपकुशात लवण व त्रिकटु मधासह.

२) गंडूष व कवल : दंतवेष्टात क्षीरीवृक्षांच्या कषायात मध, घृत व शर्करा घालून गंडूष सांगितला आहे. केवळ मधाचा गंडूष मुखातील चिकटपणा दूर करतो, मुखव्रण भरून आणतो आणि दाह व तृष्णा शमवितो, असे वाग्भटांचे मत.

३) नित्य दंतशोधन : स्वस्थवृत्तात त्रिकटु, त्रिवर्ग, तैल व सैंधव यांसह मध दंतमंजनात योजिला आहे.

येथे एका सूत्राकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. दंतशर्करेच्या चिकित्सेत सुश्रुत प्रथम सांगतात की दंतमूलांना इजा न होऊ देता वैद्याने शर्करा काढून टाकावी आणि त्यानंतर लाक्षाचूर्ण मधासह चोळावे. क्रम पाहावा. आधी उद्धरण, मग मध. दंतवेष्टातही आधी विस्रावण, मग प्रतिसारण. किटणावरून मध फिरवावा असे ग्रंथकारांनी कोठेही म्हटलेले नाही. आपल्या व्यवहारात मात्र पूर्वार्ध गळून पडतो आणि उत्तरार्ध उरतो.

आधुनिक अभ्यास काय सांगतो

मधात सुमारे ऐंशी टक्के शर्करा व अत्यल्प मुक्त पाणी असते. त्यामुळे जंतूंतील पाणी शोषले जाते. मध आम्लधर्मी असतो. माशीने त्यात मिसळलेले ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर मध पातळ झाल्यावर कार्यरत होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करते. हे विकर उष्णतेने नष्ट होते. मध तापवू नये या शास्त्रवचनाचे स्पष्टीकरण एवढ्यावरच संपत नाही, परंतु औषधालयापुरते हे एक कारणही पुरेसे आहे. मुखात लाळेतील विकरे पेरॉक्साइडचा काही भाग निष्प्रभ करतात, हेही नोंदवले पाहिजे.

न्यूझीलंडमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक अभ्यासात तीस स्वयंसेवकांपैकी काहींना मानुका मधाचे चघळण्याचे तुकडे आणि इतरांना साखरविरहित च्युइंगम देण्यात आले. जेवणानंतर दहा मिनिटे, दिवसातून तीनदा, एकवीस दिवस. मध चघळणाऱ्यांत दातांवरील थर आणि रक्तस्राव होणाऱ्या जागा, दोन्ही कमी झाल्या. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे; परंतु अभ्यास लहान, मुदत अल्प आणि मानुका मधातील मिथिलग्लायोक्झल हा घटक आपल्याकडील मधात त्या प्रमाणात नसतो. तो निष्कर्ष आपल्या बरणीतील मधास जसाच्या तसा लावता येणार नाही.

प्रोपोलिस व मेण

अलीकडे औषधविक्रेते 'प्रोपोलिस'युक्त दंतमलम घेऊन येतात. झाडांच्या कळ्या व साली यांतील राळ गोळा करून माश्या पोळ्यातील फटी बुजवितात. तो चिकट पदार्थ म्हणजे प्रोपोलिस. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रकार दोनचा मधुमेह व दंतवेष्टसदृश विकार असलेल्या पन्नास रुग्णांपैकी एका गटास, किटण काढल्यानंतर, रोज ४०० मिलिग्रॅम प्रोपोलिस सहा महिने पोटात देण्यात आले. त्या गटात हिरड्यांबरोबर रक्तशर्करेतही अधिक सुधारणा आढळली. येथेही आधी किटण काढले होते, हे विसरू नये.

आपल्या बृहत्त्रयीत प्रोपोलिसचे स्वतंत्र द्रव्य म्हणून वर्णन नाही. ग्रंथोक्त असल्याचा दावा करणाऱ्या वेष्टनावर विश्वास ठेवू नये. शिवाय आपली देशी सातेरी माशी प्रोपोलिस गोळा करीत नाही. ते मिळते ते युरोपीय मेलीफेरा माशीच्या पेट्यांतून. डंख नसलेल्या बारीक माश्यांच्या पोळ्यातही राळ असते. गावच्या पोळ्यातील अस्सल प्रोपोलिस म्हणून कोणी काही विकू लागल्यास कोणत्या माशीचे, हा प्रश्न अवश्य विचारावा. काही व्यक्तींना त्याची तीव्र अॅलर्जी येऊन ओठ व मुख सुजते.

मधूच्छिष्ट म्हणजे मेण. गरम पाण्यात वितळवून, गाळून ते शुद्ध करावे. सिक्थतैलाचा आधार म्हणून ओठांच्या व कोपऱ्यांच्या भेगांवर ते उत्तम. ओल्या हिरडीवर मात्र टिकत नाही. त्यामुळे प्रस्तुत विषयात त्याचे स्थान गौण आहे.

आपल्या परिसरातील मध

आग्या माशीची मोठी पोळी उंच झाडांवर वा इमारतींवर लागतात. त्यांचा मध बहुधा पिळून काढलेला असतो. त्यात पराग, अळ्यांचा अंश व मेण मिसळते आणि तो लवकर आंबतो. सातेरीची पेटी ठेवून यंत्राने काढलेला मध स्वच्छ असतो, परंतु त्यातही पाण्याचा अंश बऱ्याचदा अधिक राहतो. मध हवेतील ओलावा खेचतो. समुद्रकाठच्या आपल्या गावी पावसाळ्यात झाकण सैल राहिलेली बरणी फेसाळू लागते, हा अनुभव बहुतेकांस असेल. असा आंबलेला मध हिरडीवर वापरू नये.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांनुसार मधात पाण्याचा अंश २० टक्क्यांहून अधिक नसावा आणि तापविल्याने वा जुनेपणाने वाढणारा एचएमएफ हा घटक किलोमागे ८० मिलिग्रॅमच्या आत असावा. २०२० च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने तेरा नाममुद्रांचे मध तपासून घेतले, तेव्हा सर्व चाचण्यांत केवळ तीन उतरले. काडी पेटवून पाहणे, पाण्यात थेंब सोडणे या घरगुती परीक्षांनी आजची भेसळ ओळखता येत नाही. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वर परिसरात मधपालनाची जुनी परंपरा असून तेथील मांघर हे २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. औषधालयाने ओळखीच्या मधपालाकडून, काढणीचा महिना व ठिकाण लिहून घेऊन, थोडा थोडा मध घ्यावा हे उत्तम.

प्रयोगविधी

आम्ही पुढील क्रम पाळतो.

*पहिली पायरी.* प्रश्न व परीक्षा. मशेरी, तंबाखू, सुपारी किती? मधुमेह आहे का? रक्त पातळ करणारे, अपस्माराचे वा रक्तदाबाचे औषध चालू आहे का? काही औषधांनी हिरडी वाढते. गर्भावस्था आहे का? नंतर चांगल्या प्रकाशात संपूर्ण मुख, जिव्हेच्या कडा व गालांची आतील बाजू पाहावी आणि प्रत्येक दात दोन बोटांत धरून हलतो का ते तपासावे.

*दुसरी पायरी.* किटण दिसत असल्यास दंतवैद्याकडून ते काढवून घ्यावे. किटण काढल्याने दात सैल होतात, हा गैरसमज रुग्णाच्या मनातून आपणच दूर करावा. किटणाच्या आधारावर उभा असलेला दात आधीच सैल झालेला असतो.

*तिसरी पायरी.* प्रतिसारण. लोध्र, यष्टिमधु व मुस्ता यांचे वस्त्रगाळ चूर्ण समभाग, १ ते २ ग्रॅम, सुमारे ५ मिलिलिटर मधात कालवावे. दात घासून झाल्यावर स्वच्छ बोटाने हिरडीवर हलक्या हाताने दोन-तीन मिनिटे फिरवावे, पाच मिनिटे ठेवून थुंकावे आणि साध्या पाण्याने चूळ भरावी. दिवसातून दोनदा, जेवणानंतर.

*चौथी पायरी.* गंडूष. वड, उंबर व पिंपळ यांची साल मिळून २० ग्रॅम भरड, ३२० मिलिलिटर पाण्यात एक चतुर्थांश उरेपर्यंत आटवावी. काढा कोमट नव्हे, तर गार झाल्यावर त्यात १० मिलिलिटर मध मिसळावा. मुख कफाने भरेपर्यंत वा नेत्र व नासिका यांतून स्राव येईपर्यंत धरावा व टाकावा. ग्रंथोक्त योगातील घृत वापरावयाचे झाल्यास ते मधाच्या समभाग नसावे. शर्करा आम्ही वगळतो.

थुंकणे व चूळ भरणे यांवर आमचा आग्रह का, हे सांगणे आवश्यक आहे. मध ही शेवटी शर्कराच होय. दातांच्या फटीत रात्रभर राहिला तर हिरडी सुधारताना दात किडावयाचा. दोन वेळचा १० मिलिलिटर मध गिळला गेल्यास सुमारे ११ ग्रॅम शर्करा पोटात जाते. मधुमेही रुग्णास ही मात्रा नगण्य नाही. एक वर्षाखालील बालकाच्या हिरडीवर, दात येताना होणाऱ्या त्रासासाठीही, मध कदापि लावू नये; मधातील सूक्ष्म बीजांमुळे त्यास घातक पक्षाघात होऊ शकतो.

मशेरी लावणाऱ्या स्त्रियांत आम्हास एक गोष्ट उपयुक्त ठरली. मशेरीची सवय जितकी तंबाखूची, तितकीच सकाळी बोट हिरडीवर फिरविण्याची असते. नुसते "सोडा" म्हटल्याने हात रिकामा राहतो. त्याच वेळी, त्याच बोटाने हे मधुयुक्त चूर्ण लावावयास सांगितले की सोडणे काहींना सोपे जाते. सर्वांनाच साधते असे नाही.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी पानवाडीत काम करणाऱ्या, पन्नाशीच्या एक भगिनी आमच्याकडे आल्या. हिरड्यांतून रक्त, मुखदुर्गंधी, वीस-पंचवीस वर्षांची मशेरी. आम्ही लोध्रादि चूर्ण मधासह दिले. तीन आठवड्यांत रक्त थांबले. त्या प्रसन्न, आम्हीही प्रसन्न. पुढे पाच महिने त्या दर पंधरवड्यास तेच औषध नेत राहिल्या आणि आम्ही देत राहिलो. मुख पुन्हा नीट पाहिले नाही, किटण काढावयास पाठविले नाही, रक्तशर्करा तपासली नाही.

एके दिवशी त्या रुमालात गुंडाळलेली दाढ घेऊन आल्या. भाकरी खाताना ती हातात आली होती. न किडलेली, अखंड दाढ. दंतवैद्यांनी तपासले तेव्हा आणखी चार दातांभोवती खोल खोबणी निघाल्या आणि रक्तशर्करा पुष्कळ वाढलेली आढळली. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "रक्त थांबलं म्हणजे बरं झालं, असं तुम्हीच सांगितलं होतं ना, वैद्यबुवा?"

आम्ही तसे सांगितले होते. वरचा शोथ मधाने शमला आणि आतला क्षय चालूच राहिला. शिवाय तंबाखूमुळे हिरडीतील रक्तस्राव मुळातच कमी दिसतो, ही गोष्ट आम्ही लक्षात घेतली नव्हती. पुढे किटण काढले, मधुमेहाची चिकित्सा सुरू झाली, मशेरी सुटली आणि तेच मधुयुक्त प्रतिसारण त्या क्रमात पुन्हा बसविले. एक दात वाचला नाही; तीन वाचले. औषध तेच होते, क्रम बदलला होता.

कोणास तत्काळ पाठवावे

दोन ते तीन आठवड्यांत न भरणारा व्रण. पुसून न जाणारा पांढरा वा लाल चट्टा. सुपारी खाणाऱ्याचे तोंड उघडणे कमी होणे. दात हलणे, पूय, ज्वरासह सूज. अंगावर निळे-लाल डाग आणि आपोआप येणारा रक्तस्राव. यांपैकी काहीही दिसल्यास मधाची बरणी उघडू नये. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखाबंदी झाली, तरी सुपारी-तंबाखूचे व्यसन राहिले आहे आणि हिरडीचा प्रत्येक व्रण हिरडीचाच रोग असेल असे समजणे धोक्याचे आहे.

औषधालयांसाठी

चूर्ण व मध वेगवेगळे द्यावे. आधी कालवून ठेवलेला लेह पावसाळ्यात आंबतो. मध काचेच्या, घट्ट झाकणाच्या लहान बाटल्यांत भरावा. ओला चमचा बरणीत जाऊ देऊ नये. उन्हात वा शेगडीजवळ ठेवू नये. गोठलेला मध कोमट पाण्यात बाटली धरून सावकाश सैल करावा. वेष्टनावर 'मुखात लावून थुंकावे' असे मराठीत ठळक लिहावे. विक्रीसाठी योग तयार करावयाचा असल्यास औषधनिर्मितीचा परवाना आवश्यक आहे.

समारोप

मध हे दंतमूलगत रोगांतील उत्कृष्ट सहायक द्रव्य आहे, असा आमचा ग्रंथाधारित व अनुभवाधारित अभिप्राय आहे. ते सुलभ, रुचकर आणि रुग्णास मान्य होणारे आहे आणि त्याचा धोकाही तेथेच आहे. रुग्ण आनंदाने औषध नेत राहतो आणि वैद्य पाहणे विसरतो. आधी शर्करा काढावी, मग मध लावावा, हा सुश्रुतोक्त क्रम प्रत्येकाने आपल्या चिकित्सालयात पाळावा. पंधरा दिवसांनी रुग्ण पुन्हा येईल तेव्हा पुडी बांधण्यापूर्वी त्यास तोंड उघडावयास सांगावे, एवढीच वैद्यबंधु-भगिनींना आमची विनंती.